चाकाची बोट आणि आपली लेखणी

दिवाळीच्या सुटीत कोठे जावे, ही चर्चा आमच्या पनवेलात गणपतीची आरास उतरते न उतरते तोच सुरू होते. यंदा त्या चर्चेत एका सहल-कंपनीचे गुळगुळीत पत्रक येऊन पडले. त्यावर पांढरीशुभ्र मजल्यामजल्यांची बोट, तिच्या पाठीशी भले थोरले तांबडे चाक, आणि मजकूर असा की, अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीवर आरामात विहार करा, वाटेत व्हिक्सबर्ग, नॅचेझ अशी जुनी ऐतिहासिक शहरे पाहा. खाली भाडे छापले होते. ते वाचून शिक्षकांच्या खोलीत जी शांतता पसरली, तशी आम्हांला वर्गात कधी लाभत नाही.

पत्रक मात्र मी घरी आणले. त्या चाकाने मला मार्क ट्वेनच्या पुस्तकाची आठवण करून दिली आणि त्याबरोबर बरेच दिवस मनात घोळणारा एक प्रश्नही वर आणला. पाण्याविषयी चांगले कोण लिहितो? फुरसतीने पाण्यावर हिंडायला गेलेला, की पाण्यावर ज्याचे पोट आहे तो? आणि आपल्या मराठीत या दोघांपैकी लिहिले कोणी?

आधी चाकाविषयी दोन शब्द. बोटीच्या बाजूला किंवा मागे फळ्यांचे चाक बसवायचे, वाफेने ते फिरवायचे, आणि फळ्यांनी पाणी मागे लोटत बोट पुढे न्यायची, अशी ती साधी युक्ती. अशी बोट उथळ पाण्यातून सहज जाते, म्हणून नदीला ती मानवते. समुद्रात मात्र लाटेवर बोट कलली की एका बाजूचे चाक हवेतच गरगरते. त्यामुळे पाण्याखाली फिरणारा मळसूत्री पंखा आला आणि चाकाचा समुद्रावरचा अंमल संपला. पण आरंभी तेही दिवस होते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या नवरोजी जमशेटजींनी बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही चाकाचीच आगबोट २० मार्च १८३० रोजी मुंबईहून निघून सुवेझला पोचली होती. त्याच साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि आमच्या पनवेलचे भाग्य उजळले. मुंबईहून पुण्याला जाणाऱ्याने बंदरातून पनवेलपर्यंत पाण्याने यावे आणि येथून खोपोलीच्या वाटेने घाट चढावा, असा तेव्हाचा क्रम होता. १८५३ साली ठाण्यापर्यंत आणि पुढे १८६३ साली बोरघाटावर रेल्वे गेली, तीही कल्याण-कर्जतच्या वाटेने, आणि बंदराची ती वर्दळ ओसरली. पनवेलची ख्याती जुन्या गॅझेटियरात नोंदली आहे ती गाडीच्या चाकांसाठी. देशावरून आलेला गाडीवान येथून चाकांची जोडी घेऊन जात असे.

आता ट्वेनकडे वळू. ‘लाइफ ऑन द मिसिसिपी’ हे त्याचे पुस्तक १८८३ साली निघाले. मी मॅट्रिकच्या पुढे शिकलो नाही. इंग्रजी पुस्तक वाचायचे म्हणजे एक हात पानावर आणि एक हात शब्दकोशावर. पण या पुस्तकाच्या पहिल्या भागात शब्दकोश कितीदा तरी उघडायचा राहून गेला. १८५७ साली विशीतला हा पोरगा होरेस बिक्सबी नावाच्या नाखव्याकडे उमेदवारी करायला राहिला. त्याला शिकायचे काय होते? सेंट लुई ते न्यू ऑर्लीन्स ही सुमारे बाराशे मैलांची नदी, तिचे प्रत्येक वळण, प्रत्येक वाळूचा दांडा, बुडालेले प्रत्येक झाड, आणि तेही काळोख्या रात्री, जाताना एका अंगाने व येताना दुसऱ्या. शिवाय नदी दर पावसाळ्यात हे सगळे बदलून ठेवणार! त्याचे टोपणनावच मुळी बोटीवरची आरोळी आहे. ‘मार्क ट्वेन’ म्हणजे दोन वाव पाणी, म्हणजे बारा फूट. एवढे असले की बोट निर्धास्त.

या भागात एक जागा आहे, ती प्रत्येक लिहिणाऱ्याने वाचावी. नवखा असताना त्याने नदीवरचा सूर्यास्त पाहिला होता. रंगांनी तो वेडावून गेला होता. विद्या हाती आल्यावर तोच देखावा त्याला निराळा दिसू लागला. पाण्यावरची ती तिरकी रेघ म्हणजे खालचा वाळूचा दांडा, तो एखाद्या रात्री कोणाच्या तरी बोटीचा घात करील. ते सुंदर वलय म्हणजे वाळू साचते आहे. ट्वेन खंतावून म्हणतो की विद्या मिळाली आणि नदीचे काव्य गेले. त्याचे हे म्हणणे मला पटत नाही, आणि ते खोटे ठरवणारा पुरावा त्याचे तेच पान आहे. नवख्याचा सूर्यास्त कोणाही चांगल्या लेखकाने लिहिला असता. त्या तिरक्या रेघेतला मृत्यू मात्र नाखव्यालाच दिसला. ज्या ओळीत तो काव्य हरवल्याचे सांगतो, त्याच ओळीत त्याला ते सापडले आहे.

याच्या उलट पुस्तकाचा दुसरा भाग. १८८२ साली, कीर्ती मिळाल्यावर, हाच मनुष्य उतारू होऊन त्याच नदीवर गेला. प्रथम नाव लपवून गेला. बोटीवरच्या नाखव्याने त्याला ओळखले आणि काही न दाखवता थापा ऐकवल्या, ती मौज मोठी आहे. पण तेवढे सोडले तर हा भाग सैल झाला आहे. शहरामागून शहर येते, आकडे येतात, ऐकीव गोष्टी येतात. लेखक तोच, नदी तीच, हातही तोच, किंबहुना अधिक सराईत. फक्त तो हात आता सुकाणूवर नाही. सहलीच्या पत्रकात ज्याला विहार म्हटले आहे, तो ट्वेनसारख्यालाही फारसा मानवला नाही, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आजच्या विहाराच्या कित्येक बोटींवर तर चाकही शोभेचेच असते. ढकलण्याचे काम खालचे पंखे करतात.

कोणी म्हणेल, मग रवींद्रनाथ? ‘छिन्नपत्र’मधली पत्रे त्यांनी पद्मेवर हाऊसबोटीत राहून लिहिली, आणि ती फुरसतीचीच आहेत. खरे आहे. पण ते पाहुणे नव्हते. जमीनदारीच्या कामाने वर्षानुवर्षे त्या पाण्यावर राहिले होते. शिवाय बंगालीचे दैव असे की त्याच पद्मेवर १९३६ साली माणिक बंद्योपाध्यायांनी ‘पद्मा नदीर माझी’ लिहून वल्हे मारणाऱ्याची बाजूही मांडली. मालकाचे पाणी आणि माझ्याचे पाणी अशी दोन्ही त्या भाषेत उतरली.

आपल्याकडे काय झाले? आमच्या जवळचेच उदाहरण घेतो. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली दक्षिणेच्या आशेने उत्तरेला निघाले आणि बंडाच्या वणव्यात सापडले. त्यांचा ‘माझा प्रवास’ १९०७ साली छापला गेला. प्रवासवर्णनात मी त्याला आजही पहिल्या पाटावर बसवीन. पण ते पायांचे पुस्तक आहे. गंगा त्यात येते ती तीर्थ म्हणून, आणि घरी पोचते ती कावडीतून. गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ घ्या. नर्मदेची परिक्रमा म्हणजे नदी उजवीकडे ठेवून चालायचे, तिचा प्रवाह ओलांडायचा नाही. मुखापाशी मात्र नावेतून पलीकडे जायचे. काकासाहेब कालेलकरांची ‘लोकमाता’ नद्यांचे दर्शन घडवते, आणि दर्शन म्हटले की घाट आला, हात जोडणे आले. श्री. ना. पेंडशांच्या ‘तुंबाडचे खोत’मध्ये जगबुडी आहे, आणि किती जिवंत आहे! तरी वाचक तिच्याकडे बहुधा काठावरून पाहतो. थोडक्यात, मराठी लेखणीने नदीला नमस्कार केला, तिची प्रदक्षिणा केली, तिच्या काठी घरे बांधली. तिच्या पाण्यावरून चालणारी वाट मात्र तिने फारशी पाहिली नाही.

याचे कारण मला फुरसतीचा अभाव वाटत नाही. कोकणातला चाकरमानी पिढ्यानपिढ्या आगबोटीने गेला-आला. पण त्या प्रवासातून भाषेत उतरले काय, तर ‘बोट लागणे’ हा शब्दप्रयोग. लिहिणारा वर्ग डेकवर वळकटी टाकून, डोळे मिटून, लिंबू हुंगत पडला होता. जागा होता तो सारंग, तांडेल, पडाव घेऊन येणारा खारवी. जो जागा होता त्याच्या हाती लेखणी नव्हती, आणि लेखणीवाल्याचे डोळे मिटलेले होते. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट वाटेत उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. रेवसच्या कोळ्यांनी पुष्कळांना बाहेर काढले. ट्वेनचा धाकटा भाऊ १८५८ साली ‘पेनसिल्व्हेनिया’ बोटीच्या स्फोटात गेला. त्याने ते पाणी कसे होते, बोट कोणती होती, चूक कोणाची होती, हे सगळे लिहून ठेवले. आपल्या कोकणात ‘रामदास’च्या आठवणी आजही घरोघर निघतात, त्या बहुधा आडनावांच्या आणि नात्यांच्या. त्या दिवशीच्या पाण्याविषयी बोलायला कोळीवाड्यातच जावे लागते.

हा तुटवडा शाळेतच सुरू होतो, असे माझे मत आहे. ‘नदीचे आत्मवृत्त’ हा निबंध आपण सर्वांनी लिहिला आहे. मी सह्याद्रीच्या कुशीत जन्मले, खळाळत खाली आले, शेते फुलवली, आता कारखान्यांनी मला नासवले, आणि शेवटी सागराला भेटले. शंभर वह्यांत एकच नदी! काही वर्षांपूर्वी खाडीकाठच्या एका मुलीची वही माझ्या हाती आली. दुसऱ्या कोणी आधी तपासलेली होती. तिने लिहिले होते की, आमची नदी दिवसातून दोनदा उलटी वाहते. त्या वाक्याखाली तांबडी रेघ मारलेली होती. गाढी नदी माथेरानच्या डोंगरातून येते आणि पनवेलपाशी खारी होते. भरती चढली की पाणी खरेच मागे फिरते. वर्गातल्या त्या सगळ्या नद्यांत खरी नदी तेवढी एकच होती, आणि तिलाच चूक ठरवले होते.

पुढे त्याच मुलीने आजोबांचा हिशेबही लिहिला होता. तिथीला तीनाने गुणावे, चाराने भागावे. येईल तो तास भरतीचा. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पुनवेला आणि अवसेला उधाण, तेव्हा भरती दुपारी बाराच्या सुमारास; अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी थोडेच चढते. मी तो हिशेब पंचांग आणि भरतीचे कोष्टक पुढे ठेवून ताडून पाहिला. अर्धापाऊण तास इकडेतिकडे, पण जमतो. ज्या किनाऱ्यावर तो चालत होता तो आता झपाट्याने बदलतो आहे. उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, आणि २०२५ च्या ऑक्टोबरात तेथे विमानतळाचे उद्घाटन झाले. विमानतळाला माझी ना नाही; मीही एके दिवशी मुलांना घेऊन विमान पाहायला जाणार आहे. पण खाडीचा हा हिशेब ज्यांच्या तोंडी आहे ती माणसे म्हातारी झाली आहेत, आणि त्यांची नातवंडे आमच्या वर्गात ‘मी सह्याद्रीच्या कुशीत जन्मले’ लिहीत आहेत.

हा हिशेब वाङ्मयाच्या काय उपयोगाचा, असे विचारणाऱ्यासाठी एक प्रसंग देतो. नदीतून ऐतिहासिक नगरीकडे केलेला एक मोठा जलप्रवास आपल्याजवळ आहे. महाडच्या सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर दोनशेहून अधिक मंडळींसह २४ डिसेंबर १९२७ रोजी मुंबईहून ‘पद्मावती’ बोटीने निघाले. धरमतरच्या वाटेवरच्या मोटारवाल्यांनी त्यांना नेण्याचे नाकारले होते. म्हणून पाण्याची वाट. हरिहरेश्वरावरून सावित्रीच्या मुखात शिरून ती मंडळी दुसऱ्या दिवशी दासगावला उतरली आणि तेथून पाच मैल चालत महाडला गेली. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. चरित्रकार अर्थातच महाडकडे धाव घेतात आणि बोटीचा प्रवास थोडक्यात उरकतात. पण कादंबरीकार म्हणून माझे मन त्या बोटीवरच घुटमळते. ज्यांना गावच्या तळ्याला हात लावू देत नव्हते, अशी शेकडो माणसे एक दिवस आणि एक रात्र पाण्यावरच होती.

त्या मुलीच्या आजोबांचा हिशेब मी येथे लावून पाहिला. २४ डिसेंबर १९२७ ला अमावास्या होती. त्या दिवशी खंडग्रास सूर्यग्रहणही होते. म्हणजे २५ ला प्रतिपदा, उधाणाचे दिवस. एक गुणिले तीन, भागिले चार, पाऊण. किनाऱ्यावर भरती पाऊणच्या सुमारास पुरी होणार, आणि आत नदीत आणखी थोड्या उशिरा. मंडळी दासगावला पोचली साडेबाराला. सावित्रीत बोट घेणाऱ्या सारंगाने चढते पाणी बरोबर गाठले होते.