मात्रा आणि रंग : मद्यस्तुतीच्या एका सचित्र ग्रंथाविषयी

औषध आणि मद्य यांतील सीमारेषा मात्रेने ठरते. चित्र ही रेषा कशी पुसते, हे ‘मों दॉक्तर ल वँ’ (‘माझा डॉक्टर : वाइन’) या फ्रेंच ग्रंथात दिसते. निकोला या मद्यविक्रेत्या पेढीने तो १९३६ मध्ये काढला. मजकूर गास्ताँ देरीस यांचा, तर जलरंगचित्रे राउल द्युफी यांची. दीर्घायुष्य, सौंदर्य, स्थूलता अशा विषयांवरील डॉक्टरांच्या साक्षी त्यात एकत्र केल्या आहेत. निवाडा मात्र चित्रे करतात. द्युफींचा रंग आकृतीच्या रेषेत मावत नाही, कड ओलांडून पसरतो. वैद्यकाने आखावयाची मर्यादा ओलांडणे हाच येथे आनंद ठरतो, आणि साक्षीचा पुरावा मागण्याची वाचकाला गरज वाटेनाशी होते.

मराठीत याचे उत्तर सतरा वर्षे आधीच रंगभूमीवर आले होते. गडकऱ्यांच्या निधनानंतर १९१९ मध्ये रंगमंचावर आलेल्या ‘एकच प्याला’त तळीराम सुधाकराला पहिला पेला देतो, तो दुःखावरचा उतारा म्हणून. ‘आर्य मदिरा मंडळ’ हे तर मद्यस्तुतीच्या शास्त्राचे विडंबनच होय. शीर्षकातील ‘एकच’ हे मात्रावाचक पद आहे. संसार उद्ध्वस्त होईपर्यंत नाटक त्याचा अर्थ उलटवीत नेते. चित्र एका क्षणाशी थांबते, तर काव्य काळातून पुढे सरकते, हा लेसिंगने १७६६ मध्ये मांडलेला भेद येथे नैतिक भेद होतो. चित्राला दुसरा पेला दाखवावा लागत नाही. नाटकाची त्यातून सुटका नाही.

हा प्रश्न भाषेतही मुरलेला आहे. ‘दारू’ हा फारसी शब्द मुळात औषधवाचक. ‘दवादारू’त तो अर्थ आजही टिकून आहे. जळगावजवळच्या असोद्यासारख्या केळी-कापसाच्या मुलखात वाइन परकी वाटेल, दवादारू वाटणार नाही. २०२२ मध्ये महाराष्ट्र शासनाने सुपरमार्केटमध्ये वाइनविक्रीस परवानगी देण्याचे ठरविले, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू नव्हे’ असा युक्तिवाद झाला. त्यात नाव बदलले. मात्रेचा प्रश्न पुन्हा टळला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच मद्यपेये कर्करोगजनक ठरविली होती, आणि मद्याची कोणतीही मात्रा सुरक्षित नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले.

साक्षी कालबाह्य झाल्या, तरी द्युफींचे रंग टवटवीत राहिले. खोटा ठरलेला दावा सौंदर्याच्या आश्रयाने जिवंत राहतो, म्हणूनच अशा ग्रंथांची समीक्षा केवळ रसास्वादावर थांबू शकत नाही.