शौर्य, निष्ठा आणि हानी: कलंकित वीराच्या दोन कथनरीती

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराची महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1966 मध्ये पूर्ण झाली. पुढच्याच वर्षी मराठीत कर्णाची परस्परविरोधी अशी दोन रूपे अवतरली: शिवाजी सावंत यांच्या ‘मृत्युंजय’मधील आणि इरावती कर्वे यांच्या ‘युगान्त’मधील. मराठी वाचकाने पहिल्याला हृदयाशी धरले. दुसऱ्याचा त्याने आदर केला, पण त्याला आपलेसे केले नाही. या निवडीचे कारण कथनरीतीत शोधावे लागते.

‘मृत्युंजय’ सहा पात्रांच्या आत्मनिवेदनांतून उलगडते आणि त्यांत कर्णाचा स्वर प्रधान आहे. वाचक त्याला बालपणापासून आतून ओळखू लागतो. त्यामुळे द्यूतसभेतील त्याच्या वर्तनापर्यंत तो पोचतो, तेव्हा सहानुभूतीचा निर्णय आधीच झालेला असतो. कर्व्यांची रीत याच्या उलट आहे. ‘मी कोण?’ या प्रकरणात त्या कृतीपासून आरंभ करून मनाकडे जातात. घोषयात्रेतील पलायन व विराटनगरीजवळचा पराभव त्या दृष्टिआड करीत नाहीत. कर्णाच्या लोकप्रिय प्रतिमेचा एक आधार म्हणजे स्वयंवरात द्रौपदीने सूतपुत्र म्हणून केलेला अव्हेर. तो प्रसंग चिकित्सक आवृत्तीच्या मूळ संहितेत नाही, ही गोष्टही येथे ध्यानात घ्यावी लागते.

जॉर्ज मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या अद्भुत कादंबरीमालेतील जेमी लॅनिस्टर या सरदाराशी तुलना केल्यास हा भेद अधिक स्पष्ट होतो. ज्या राजाच्या रक्षणाची शपथ घेतली, त्याचाच वध त्याने केला आहे. 1996 च्या पहिल्या खंडात तो एका बालकाला मनोऱ्यावरून ढकलतो. पहिले दोन खंड वाचक त्याला केवळ इतरांच्या नजरेतून पाहतो. त्याचे मन उघडते ते तिसऱ्या खंडात, 2000 मध्ये, आणि त्याच खंडात त्याचा तलवारीचा हात तोडला जातो. राजवधामागे नगर जाळण्याचा राजाचा बेत होता, हे कळते तेव्हा वाचकाची सहानुभूती जागी होते. पण मनोऱ्यावरून पडलेले मूल विस्मृतीत जात नाही.

दोन्ही वीरांच्या निष्ठेत विलक्षण साम्य आहे. कृष्णाने देऊ केलेले ज्येष्ठत्व कर्ण राधा-अधिरथांच्या वात्सल्यासाठी आणि दुर्योधनाच्या ऋणासाठी नाकारतो; जेमी पित्याने देऊ केलेला वारसा नाकारतो. हानीचा अर्थ मात्र भिन्न आहे. कवचकुंडले इंद्र नेतो, अस्त्रविद्या शाप नेतो, चाक पृथ्वी गिळते. प्रत्येक हानीचे कर्तृत्व बाहेर असल्याने कर्ण उजळत जातो, पण बदलत नाही. वृषसेनाचा डोळ्यांदेखत झालेला वधही त्या उजळण्यातच सामावला जातो. जेमीच्या बाबतीत हात जातो म्हणजे ओळखच जाते. डाव्या हाताने तो एका मुक्या जल्लादाबरोबर गुपचूप सराव करतो, कारण आपले नवे दौर्बल्य फुटू नये ही त्याची गरज आहे. शौर्यावाचून आपण कोण, या प्रश्नापासून त्याला सुटका नाही.

हाच प्रश्न कर्व्यांनी कर्णाला विचारला होता. व्यासांच्या संहितेतही त्याची बीजे आहेत: उद्योगपर्वात कर्ण स्वतःच कृष्णाजवळ पांडवांना बोललेल्या कटु शब्दांविषयी पश्चात्ताप व्यक्त करतो. हा पश्चात्ताप म्हणजे स्वतःच्या कृतीची जबाबदारी. ‘मृत्युंजय’च्या भावविश्वात मात्र ही जबाबदारी अपमानाच्या प्रदीर्घ कैफियतीत विरघळते.

ही कैफियत निराधार नाही. जन्मावरून नाकारलेल्या माणसाची वेदना या कादंबरीने असंख्य वाचकांपर्यंत पोचवली, हे तिचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु अन्याय सोसलेला माणूस अन्याय करतो तेव्हा काय घडते, याला ती सामोरी जात नाही. द्रौपदीच्या बाजूने पाहिल्यास सभेतील कर्ण हा सोसणारा नव्हे, सत्तेच्या बाजूला बसलेला पुरुष आहे. मराठी पौराणिक कादंबरीने वीराला क्षमा करण्याची घाई केली आणि त्या घाईत त्याच्या परिवर्तनाची शक्यता गमावली. क्षमेला अर्थ यायचा, तर अपराध आधी पूर्णपणे दिसावा लागतो.