भुयार, रझाकार आणि ‘ॲक्शन’ : ओसाड युद्धवास्तूंवरील लेखनाची एक चिकित्सा

ओसाड पडलेले किल्ले, गढ्या व छावण्या यांविषयी मराठीत जे वर्णनपर लेखन होते, त्याचा क्रम आता इतका रूढ झाला आहे की वाचकास पुढील परिच्छेद आधीच सांगता यावा. प्रथम वाट, मग दरवाजा, मग बुरूज व पाण्याची सोय. आणि अखेरीस, आवाज थोडा खाली आणून, भुयार. हे भुयार कोठल्या तरी देवळापर्यंत अथवा दुसऱ्या किल्ल्यापर्यंत गेलेले असते, आणि हल्ली ते ‘बुजलेले’ असते. बीड जिल्ह्यातील धारूरच्या किल्ल्याविषयी प्रस्तुत लेखकाने अशी भुयारे वाचली आहेत, ऐकलीही आहेत. पाहिलेला मनुष्य मात्र अद्याप भेटावयाचा आहे.

येथे पहिला आक्षेप शब्दाच्या बाजूने घ्यावा लागतो. ‘भुयार’ हा शब्द संस्कृत ‘भूमिगृह’ यापासून प्राकृतातून आला आहे. त्याचा मूळ अर्थ जमिनीखालचे घर, म्हणजे तळघर. घराला जाणे-येणे असते, पण घर स्वतः कोठे जात नाही. ज्या प्रदेशात धान्य पेवात साठविण्याची रीत होती, तेथे किल्ल्याच्या पोटातही धान्याच्या, दारूगोळ्याच्या कोठ्या असणे यात नवल कसले? शब्दाचा अर्थ ‘खोली’वरून ‘वाटे’कडे सरकला आणि प्रत्येक कोठारास पाय फुटले, असे अनुमान करावयास जागा आहे. अर्थ सरकणे हा भाषेचा नित्यधर्म होय. परंतु सरकलेल्या अर्थावर इतिहास रचणे, आणि पुढे त्या इतिहासाच्या भरवशावर गुप्तधनासाठी कुदळ घेऊन जाणे, हा धर्म खचित नव्हे.

वास्तविक धारूरचा लिखित इतिहास भुयारावाचून पुरेसा नाट्यपूर्ण आहे. आदिलशाही सरदार किश्वरखान याने हा किल्ला 1567 मध्ये बांधविला. थोड्याच वर्षांत मुर्तजा निजामशहा त्यावर चालून आला. फिरिश्त्याच्या तवारिखेप्रमाणे किश्वरखानास बाण लागून तो ठार झाला आणि किल्ला पडला. पुढे 1631 मध्ये मोगल सेनापती आझमखान याने तो निजामशाहीकडून घेतला. ‘फत्तेहाबाद’ हे त्याचे दुसरे नाव जेत्यांचे आहे. ते कागदोपत्री राहिले, आणि लोकांनी ‘किल्ले धारूर’ म्हणावयाचे सोडले नाही. या साऱ्या हकिकतीत गुप्त असे फारसे काही नाही. म्हणूनच की काय, आमच्या लेखकांना ती पुरत नाही.

ज्याला खरोखर गुप्त इतिहास म्हणावे तो याच बालाघाटावर, शेजारच्या अंबाजोगाईत आहे, आणि तो जमिनीखाली नाही. निजामी अमदानीत या गावाचे नाव मोमिनाबाद होते. हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची ती छावणी; 1903 मध्ये हे कंटिंजंट इंग्रजांच्या हिंदी सैन्यात विलीन झाले. सप्टेंबर 1948 मध्ये भारतीय फौजेची एक तुकडी जालना व लातूर या मार्गाने मोमिनाबादेस पोहोचली, तेव्हा हैदराबादच्या तिसऱ्या गोवळकोंडा लान्सर्सने नाममात्र प्रतिकार करून शरणागती पत्करली. आज छावण्यांच्या अवशेषांवर लिहिणारा हौशी लेखक गोऱ्या साहेबाच्या भुताची गोष्ट सांगतो; या सप्टेंबराचा उल्लेख एका वाक्यात उरकतो. तो असा का उरकतो, हा आमचा खरा प्रश्न आहे.

उत्तराचा काही भाग त्या काळाच्या शब्दसंग्रहातच आहे. ‘रझाकार’ याचा व्युत्पत्तीने अर्थ स्वखुशीने काम करणारा, स्वयंसेवक. मराठवाड्यात या शब्दाने जुलमाचा अर्थ घेतला तो अकारण नव्हे. रझाकारांनी गावोगाव जे केले त्याची ती नोंद आहे, आणि ‘रझाकारी’ हे भाववाचक नाम आजही कोणत्याही दांडगाईस लावले जाते. उलट 13 ते 17 सप्टेंबरची मोहीम रणगाडे व विमाने घेऊन झाली, तिचे सांकेतिक नाव ‘ऑपरेशन पोलो’ होते, तरी रूढ झाला तो शब्द ‘पोलिस ॲक्शन’. एका शब्दाचा अर्थ लोकांनी अनुभवाने काळा केला. दुसऱ्याचा दिल्लीने सौम्य केला. बोलीत तर ‘पोलिस’ही गळाला आणि ‘ॲक्शन’ ही केवळ कालगणनेची खूण उरली: अमक्याचा जन्म ॲक्शनच्या आदल्या साली.

या खुणेखाली काय दडले आहे? पंडित सुंदरलाल यांच्या समितीने 1948 च्या नोव्हेंबर-डिसेंबरात संस्थानात फिरून अहवाल सादर केला. मोहिमेच्या काळात व नंतर मुसलमान रहिवाशांची जी हत्या झाली, तिचा अंदाज त्यात संस्थानभर 27,000 ते 40,000 असा दिला आहे. औरंगाबाद, बीड, नलगोंडा व मेदक या चार जिल्ह्यांत मिळून निदान 5,000. या आकड्यांवर वाद आहे आणि तो असावा. पण अहवालच दशकानुदशके प्रसिद्ध झाला नाही, आणि वाद करण्याचीही सोय राहिली नाही. दिल्लीच्या नेहरू स्मारक ग्रंथालयात तो पाहावयास मिळू लागल्याची वार्ता 2013 मध्ये आली.

स्वामी रामानंद तीर्थांच्या आठवणी (1967) किंवा अनंत भालेरावांचा ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ हे लढणाऱ्यांचे ग्रंथ होत. त्यांचा निवेदक ‘आम्ही’ आहे, आणि तो तसाच असावयास हवा. स्वामीजींनी तर अंबाजोगाईच्या योगेश्वरी विद्यालयात अध्यापन केले होते. हे गाव त्यांना नकाशावरून ठाऊक नव्हते. दोष त्यांचा नाही. दोष आमच्या पिढीचा. त्या ‘आम्ही’त न मावणाऱ्या माणसांसाठी आम्ही वेगळा निवेदक शोधला नाही, आणि त्या जागी भुयार खणीत बसलो. रिकाम्या वास्तूस रहस्य हवेच असते. सोयीचे मिळाले म्हणजे गैरसोयीचे विचारावे लागत नाही.

काही वर्षांपूर्वी बोलीच्या नमुन्यांसाठी अंबाजोगाई परिसरात फिरत असता एका खेड्यात छप्पर नसलेली, चुनेगच्ची भिंतींची इमारत दिसली. सोबत नव्वदीच्या घरातले गृहस्थ होते. प्रश्नावलीत नसलेला प्रश्न विचारला, “आबा, हे कशानं पडलं?”

“ते व्हय? ॲक्शनमधी पडलं.”

मराठीत ‘पडणे’ अकर्मक आहे व ‘पाडणे’ सकर्मक. पहिल्यास कर्त्याची गरज नाही, दुसऱ्यास आहे. विद्यार्थ्यांना हा भेद वर्गात आपण दर वर्षी शिकवितो. तेथे तो जरा अधीरपणेच वापरला गेला.

“कुणी पाडलं, आबा?”

ते बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “आवंदा पाऊस लांबला बघा, सर.”

ध्वनिमुद्रणात या दोन वाक्यांमधील विराम अकरा सेकंदांचा आहे. लिप्यंतर करताना तो कोणत्या चिन्हाने दाखवावा, हे अद्याप ठरलेले नाही.