झॉम्बींच्या शहरात दरोडा : एक विज्ञान-परीक्षण

कांदिवलीच्या आमच्या शाळेत नववीच्या वर्गात रोगप्रसाराचा पाठ चालू होता. कुत्रा चावल्यास जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि विलंब न करता लस घ्यावी, हे सांगून झाले होते. इतक्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, मग झॉम्बी चावल्यावर कोणी लस का घेत नाही?" वर्ग हसला. बाईही हसल्या. मधल्या सुट्टीत मात्र आम्ही तिघा शिक्षकांनी या प्रश्नावर बराच वेळ चर्चा केली. तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही, असे आमचे मत झाले.

मुलाच्या डोळ्यांसमोर होता झॅक स्नायडर या अमेरिकन दिग्दर्शकाचा 'आर्मी ऑफ द डेड' (२०२१) हा चित्रपट. तो प्रौढांसाठीचा आहे, वर्गात दाखवण्याजोगा मुळीच नाही. पण घरच्या मोबाइलवर मुलांनी तो केव्हाच पाहिला होता. म्हणून आम्हीही पाहिला.

कथा थोडक्यात अशी. लष्कराच्या ताफ्याला अपघात होऊन एक झॉम्बी सुटतो आणि लास वेगास हे जुगाराचे शहर बघता बघता झॉम्बींच्या ताब्यात जाते. सरकार मालवाहू कंटेनर एकमेकांवर रचून शहराभोवती भिंत उभारते. पुढे सारे शहर अणुबॉम्बने नष्ट करण्याचे ठरते. त्याआधी एका कॅसिनोच्या तळघरातील तिजोरीतून २० कोटी डॉलर काढून आणण्यासाठी एक टोळी आत शिरते. २०२० सालच्या 'पेनिन्सुला' या कोरियन चित्रपटाचीही घडण जवळपास अशीच आहे. तिथे ओसाड झालेल्या इंचिऑन शहरातून २ कोटी डॉलरने भरलेला ट्रक बाहेर काढायचा असतो.

दरोड्याची गोष्ट म्हणून चित्रपट रंगतो, हे कबूल केले पाहिजे. माणसे जमवणे, नकाशा मांडणे, तिजोरीशी झटापट हे सारे खिळवून ठेवते. आता त्यातल्या विज्ञानाकडे वळू.

ढोबळ चुका शोधणे सोपे आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या शरीरालाही ८० ते १०० वॅट इतकी ऊर्जा सतत लागते. धावताना हा आकडा कित्येक पटींनी वाढतो. मग अन्नपाण्यावाचून दीर्घकाळ राहिलेले झॉम्बी कशाच्या बळावर धावतात? उन्हात वाळलेले झॉम्बी पाऊस पडला की जागे होतात, असेही इथे सांगितले जाते. जलअस्वल हा सूक्ष्म प्राणी असे करू शकतो, पण त्यासाठी त्याच्या पेशींत संरक्षणाची खास व्यवस्था असते. माणसाच्या पेशी तशा वाळल्या तर त्या मोडतात आणि पुन्हा जुळत नाहीत. परंतु या चुकांबद्दल आमची फारशी तक्रार नाही. पंचतंत्रातले प्राणी बोलतात म्हणून आपण विष्णुशर्म्याला नापास करत नाही. कथेला एवढी मोकळीक हवीच.

आमची तक्रार भिंतीबद्दल आहे.

रोगजंतू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत जो काळ जातो त्याला अधिशयन काळ म्हणतात. प्लेगमध्ये तो साधारण १ ते ७ दिवसांचा असतो, कोविडमध्ये २ ते १४ दिवसांचा. रेबीजमध्ये तो सामान्यतः काही आठवडे ते काही महिने असतो, कारण विषाणू जखमेपासून मेंदूपर्यंत मज्जातंतूंवाटे सावकाश जातो. तेवढ्या अवधीत लस आपले काम करू शकते. मागच्या बाकावरच्या प्रश्नाचे उत्तर इथे मिळते. चित्रपटात चावा बसला की माणूस बहुधा काही मिनिटांतच झॉम्बी होतो. लस द्यायला वेळच उरत नाही.

पण वेळ न उरण्यात कथेची मोठी सोय आहे. रोगी चेहऱ्यावरून तत्काळ ओळखू येतो, म्हणून भिंत उपयोगी पडते. भिंत टिकते म्हणून आत शहर ओस राहते आणि शहर ओस राहते म्हणून दरोडा घालता येतो. थोडक्यात, झॉम्बींना इथे तिजोरीवरच्या पहारेकऱ्याचे काम दिले आहे. पहारेकऱ्याला चुकवायचे किंवा मारायचे असते. तो आजारी कशाने पडला, हे दरोडेखोर कशाला विचारील?

मुलांना हे पटावे म्हणून आम्ही एक उपक्रम घेतला. फळ्यावर कांदिवलीचा नकाशा काढला. पूर्वेला राष्ट्रीय उद्यान, पश्चिमेला चारकोपपलीकडची खाडी आणि खारफुटी, मधून रेल्वे, महामार्ग आणि उद्यानातून निघून खाडीकडे जाणारी पोयसर नदी. मग विचारले, "या भागाभोवती भिंत घालायची तर काय काय अडवावे लागेल?" यादी वाढतच गेली : लोकल, बेस्टच्या बस, दुधाच्या गाड्या, भाजीचे टेम्पो, कचऱ्याच्या गाड्या, भांडुपहून शुद्ध होऊन येणारे पाणी. शेवटी एका मुलीने विचारले, "माझी आई नर्स आहे. ती भिंतीच्या कुठल्या बाजूला?" वर्ग शांत झाला. २०२० च्या जूनमध्ये दहिसर ते मालाड या पट्ट्यात रुग्ण वाढले तेव्हा सील झालेल्या इमारती या मुलांनी पाहिल्या होत्या. कोणाच्या दाराकडे लोक कसे बघत, तेही त्यांना आठवत होते.

खरी साथ भिंतीला कशी फसवते याचा धडा मुंबईला जुनाच आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. भयाने लाखो लोक शहर सोडून निघाले. त्यांत धडधाकट दिसणारे, पण लागण झालेले लोकही होते. थोड्याच महिन्यांत प्लेग पुण्यात पोहोचला. तिथे सैनिक घरांत शिरून झडत्या घेऊ लागले, तेव्हा लोकांनी रोगी लपवले. रोग्याला शत्रू मानले की तो लपतो आणि लपलेला रोग अधिक पसरतो. उपाय निघाला तो दुसऱ्या वाटेने. हाफकिन यांनी मुंबईत लस तयार करून जानेवारी १८९७ मध्ये प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९८ मध्ये सिमाँ यांनी उंदरांवरील पिसवांचा दुवा शोधला. दोघेही साथीच्या शहरात आत शिरले होते, पण एक प्रश्न घेऊन.

गंमत अशी की, चित्रपटाला हे शेवटी कळते. टोळीतला एक जण वाचतो, पैसे घेऊन भाड्याच्या विमानाने मेक्सिको सिटीकडे निघतो आणि वाटेत त्याला कळते की आपल्याला चावा बसलेला आहे. इतरांना मिनिटांत गाठणारा रोग त्याच्यापाशी तासन्‌तास दबा धरून बसतो. चित्रपट आपलाच नियम मोडतो, पण साथीच्या दृष्टीने सर्वांत खरे दृश्य तेच!

या मानाने आदित्य सरपोतदार यांचा 'झोंबिवली' (२०२२) हा मराठी चित्रपट पाहावा. तो डोंबिवलीत घडतो, त्यात विनोद आहे, तर्काची ओढाताणही आहे. पण रोग आला कुठून, या प्रश्नाचा माग तिथे पाण्यापर्यंत जातो आणि टोलेजंग इमारत व शेजारची वस्ती यांच्यातली दरीही दिसते. १८५४ मध्ये लंडनला जॉन स्नो यांनी पटकीचा माग काढत पाण्याचा पंप गाठला, त्याची आठवण व्हावी. म्हणून खर्चाने आणि सफाईने कमी असलेला हा चित्रपट वर्गातील चर्चेला आम्हाला अधिक उपयोगी वाटतो.

'आर्मी ऑफ द डेड'मध्येही एक चांगला धागा होता. हुमा कुरेशीने साकारलेली गीता ही भिंतीलगतच्या छावणीतली आई मुलांना तिथून सोडवण्यासाठी पैसे आणायला आत जाते आणि नायकाची मुलगी तिला शोधायला टोळीबरोबर जाते. म्हणजे एक जण तरी तिजोरीसाठी आलेली नाही. पण शेवटी गीताचे काय झाले, हे चित्रपट धड सांगतही नाही.

अशा वेळी सावित्रीबाई फुले आठवतात. १८९७ च्या प्लेगमध्ये त्यांनी मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन हडपसरजवळच्या डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात नेले. त्यांनाही लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. साथीच्या वस्तीत शिरून काय बाहेर आणायचे असते, हे एका शिक्षिकेने दाखवून दिले आहे. झॉम्बींचा विषय वर्गात निघालाच, तर तो टाळू नका. मुलांना एवढेच विचारा : तुम्ही आत गेलात, तर काय घेऊन याल?