आंत्रविषांचे प्रयोगशालेय निदान : एक चिकित्सा

प्रस्तावना : आतड्यातील जिवाणूंची विषे ओळखण्याच्या पद्धती पाठ्यपुस्तकांत बहुधा कालक्रमाने मांडल्या जातात. प्रथम प्रयोगप्राणी, मग पेशीसंवर्धन, त्यानंतर एलायझा आणि शेवटी पीसीआर. या मांडणीमुळे नवी पद्धत आली की जुनी बाद झाली, असा समज विद्यार्थ्यांच्या मनात दृढ होतो. मुख्यतः पटकीच्या विषाच्या आधारे हा समज तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

परिणामाची कसोटी : पटकीचा जिवाणू विष निर्माण करतो, हे अनुमान रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्येच मांडले होते. त्याचा प्रायोगिक पुरावा मिळण्यास मात्र पाऊणशे वर्षे लागली. कलकत्त्याचे शंभुनाथ डे यांनी १९५३ मध्ये सशाच्या लहान आतड्याचा भाग दोन्ही टोकांना बांधून त्यात जिवंत जिवाणू सोडले, तेव्हा तेथे द्रव साचला. १९५९ मध्ये जिवाणूविरहित गाळीव द्रवानेही त्यांनी तोच परिणाम घडवून दाखविला. त्याच वर्षी मुंबईच्या हाफकिन संस्थेत एन. के. दत्ता व सहकाऱ्यांनी सशाच्या पिलांमध्ये जिवाणूंच्या निर्जंतुक अर्काने अतिसार घडवून आणला. या पद्धती प्रत्यक्ष अपाय मोजतात. परंतु इतर जिवाणूंमुळेही द्रव साचत असल्याने प्रतिविषाच्या साहाय्याने खातरजमा करावी लागते. शिवाय प्राण्यांचा बळी जातो, हा दोष गंभीर आहे.

रेणू आणि जनुक : विषाचा 'बी' उपघटक पेशीवरील जीएम-१ या ग्राहकास चिकटतो, जीएम-१ एलायझा याच गुणधर्मावर आधारलेली आहे. अपाय मात्र 'ए' उपघटक करतो. त्यामुळे केवळ 'बी' असलेला निरुपद्रवी नमुनाही होकारार्थी ठरू शकतो. पीसीआर विषाचे जनुक आहे एवढेच सांगते. ते कार्यरत आहे की नाही, हे सांगत नाही. एल टॉर जैवप्रकार जनुक बाळगूनही नेहमीच्या संवर्धनात अत्यल्प विष निर्माण करतो.

हा भेद केवळ तात्त्विक नाही. क्लॉस्ट्रिडिओइडिस डिफिसिलच्या बाबतीत केवळ पीसीआरवर विसंबल्यास निव्वळ वाहक असलेली व्यक्ती रुग्ण ठरते आणि तिला अनावश्यक प्रतिजैविके दिली जातात. म्हणूनच २०१६ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी एकाच चाचणीवर विसंबू नये, असे सुचविले.

निष्कर्ष : परिणाम, रेणू आणि जनुक हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्याचे म्हणून स्वीकारणे ही पद्धतिशास्त्रीय चूक होय. अध्यापनात या पद्धती कालक्रमाने न मांडता, प्रत्येक पद्धत नेमके काय मोजते या निकषावर मांडणे अधिक योग्य ठरेल.