तलावाच्या तळाशी बुडालेले शहर

2007 च्या सुमारास मुंबईत एचएसबीसी बँकेसाठी ओगिल्व्ही अँड मॅथर या जाहिरातसंस्थेने एक नवलाईची जाहिरात केली. पोहण्याच्या तलावाच्या तळावर उंच इमारतींच्या शहराचे, आकाशातून दिसते तसे, भले मोठे चित्र चिकटवले. पाण्यात उतरणाऱ्याला आपण बुडालेल्या शहरावरून तरंगत आहोत असे वाटावे आणि तापमानवाढीची आठवण व्हावी, अशी योजना. कल्पना झकास! फळ्यावर आलेख काढून आम्हांला जे साधत नाही, ते या चित्राने क्षणात साधले.

आता चित्रातले पाणी मोजू या. ग्रीनलंड आणि अंटार्क्टिकावरचे सगळे बर्फ वितळले तर समुद्र सुमारे 65 मीटर चढेल, म्हणजे साधारण वीस मजले. त्याला हजारो वर्षे लागतील. आयपीसीसीच्या 2021 च्या अहवालानुसार 1901 ते 2018 या काळात पातळी सुमारे 20 सेंटीमीटर वाढली. 1995–2014 च्या तुलनेत 2100 पर्यंतची संभाव्य वाढ, उत्सर्जन किती होते त्यानुसार, 28 सेंटीमीटर ते 1 मीटर एवढी आहे. तलावातले शहर मात्र गच्च्यांसकट बुडालेले! जाहिरातीला अतिशयोक्तीची मुभा असते, हे मान्य. आमचा आक्षेप वेगळा आहे. या अतिशयोक्तीमुळे पाहणाऱ्याची नजर चुकीच्या दिशेला वळते, आणि धोका नातवंडांच्याही पलीकडचा वाटू लागतो.

26 जुलै 2005 ला मुंबई बुडाली ती कशाने? सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. समुद्रालगतच्या कुलाब्यात जेमतेम 73. पाणी वरून आले. समुद्राचा दोष एवढाच, की भरतीमुळे नाल्यांचे तोंड बंद झाले. पातळी काही सेंटीमीटर वाढली तरी हा निचरा आणखी अवघड होतो. पण हे तलावात दाखवायचे कसे?

त्याच पावसात महाड तालुक्यात जुई, दासगाव येथे दरडी कोसळल्या. 22 जुलै 2021 ला तळिये गाडले गेले, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि सुतारवाडीतही माणसे दगावली. सावित्री जिथे उगम पावते त्या महाबळेश्वरला तेव्हा 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला. हवा एका अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. एखाद्या पावसाचे खापर केवळ तापमानवाढीवर फोडता येत नाही, तरी अतिवृष्टीला तिचे बळ मिळते, हे या आकड्यात आहे. जाहिरातीत नेमके हेच नाही.

पोलादपूरजवळच्या कापडे गावातील शिक्षकांनी हे चित्र वर्गात जरूर दाखवावे. मुलांचे काका, मामा मुंबईत असतात, तेव्हा शहर त्यांना परके नाही. चित्र दाखवून विचारावे: हे पाणी आले कुठून? मग 594 मिलिमीटरचा हिशेब करायला द्यावा. एक चौरस किलोमीटरवर ते सुमारे 59 कोटी लिटर होते. दहा हजार लिटरचे जवळजवळ साठ हजार टँकर. हे पाणी डोंगरउतारावरून उतरताना वाटेत काय काय लागते, ते मुले खिडकीतून पाहून सांगतील. आणि सुट्टीत मुंबईहून आलेल्या काकांनाही तो हिशेब दाखवतील.