विलीनीकरण : चौकट, स्वामित्व आणि बेलोऱ्याचे विमान

१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीजवळील बेलोरा विमानतळावरून मुंबईकडे प्रवासी विमानसेवा सुरू झाली. ही सेवा अलायन्स एअरची. ही कंपनी मूळची इंडियन एअरलाइन्सची उपकंपनी. पुढे ती एअर इंडियाच्या छत्राखाली आली. एअर इंडिया टाटा समूहाकडे गेली तेव्हा अलायन्स एअरही तिच्यासमवेत गेली असावी, असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे. त्याचे मूळ ‘विलीनीकरण’ या शब्दाच्या सैल वापरात आहे. कंपनीची वैधानिक चौकट, तिच्या भागभांडवलाचे स्वामित्व आणि तिचे व्यवहारातील नाव या तीन भिन्न गोष्टी या एकाच शब्दाखाली झाकल्या जातात.

२००७ साली एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स या दोन्ही कंपन्या नॅशनल एव्हिएशन कंपनी ऑफ इंडिया या नव्या कंपनीत सामावल्या गेल्या. येथे चौकट बदलली, स्वामी मात्र बदलला नाही. दोन्हींचे स्वामित्व पूर्वीही केंद्र सरकारकडे होते व नंतरही तेथेच राहिले. कागदोपत्री कंपनी एक झाली, तरी वेतनश्रेणी व सेवाज्येष्ठता दोनच राहिल्या. त्यांचा मेळ घालण्यासाठी २०११ मध्ये न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमावी लागली. याच्या नेमके उलट २७ जानेवारी २०२२ रोजी घडले. तेव्हा एअर इंडियाची चौकट तशीच राहिली आणि भाग टाटांच्या टॅलेस कंपनीकडे गेले. हे हस्तांतर होय, विलीनीकरण नव्हे.

दोन्ही गोष्टी एकत्र आल्या त्या १२ नोव्हेंबर २०२४ रोजी, विस्तारा एअर इंडियात सामावली तेव्हा. विस्तारामध्ये टाटा सन्सचे ५१ व सिंगापूर एअरलाइन्सचे ४९ टक्के भाग होते. तो वाटा सोडून आणि वर रोख भांडवल घालून सिंगापूर एअरलाइन्सने एअर इंडियाचे २५.१ टक्के भाग मिळविले. हा आकडा सहज आलेला नाही. कंपनी कायद्यानुसार विशेष ठरावास तीन-चतुर्थांश मते लागतात; म्हणजे उरलेल्या ७४.९ टक्क्यांच्या बळावर असा ठराव संमत होऊ शकत नाही. विस्तारा हे नाव लोपले, पण तिच्या एका भागीदाराचा नकाराधिकार नव्या घरात शाबूत राहिला.

अलायन्स एअरची गोष्ट याहून निराळी. उपकंपनी ही स्वतंत्र वैधानिक व्यक्ती असते. मूळ कंपनी विकताना तिचे भाग वगळता येतात. त्याप्रमाणे ते एआय असेट्स होल्डिंग या सरकारी कंपनीकडे ठेवण्यात आले. बेलोऱ्याची धावपट्टी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीची, म्हणजे राज्याची. विमान केंद्राच्या कंपनीचे. आणि उडान योजनेचे अर्थसाहाय्य मुदतीचे. याच बेलोऱ्यात वैमानिक-प्रशिक्षण संस्था उभारण्याचे २०२४ मध्ये जाहीर केले ते मात्र टाटांच्या एअर इंडियाने. एकेकाळी एका घरात असलेल्या या दोन संस्थांचे धनी आज वेगळे आहेत.

प्रवाशाला सेवेशी कर्तव्य, स्वामित्वाशी नव्हे, असा आक्षेप यावर संभवतो. वऱ्हाडाचा अनुभव त्याला अनुकूल नाही. अचलपूर–मूर्तिजापूर–यवतमाळ ही ‘शकुंतला’ रेल्वे स्वातंत्र्यानंतरही अनेक दशके सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी या खाजगी कंपनीच्या मालकीच्या रुळांवरून धावत असे. गाडी चालविणारी मात्र मध्य रेल्वे. मालक एक व चालक दुसरा, त्यामुळे मार्गाच्या नूतनीकरणाचा भार कोणी उचलावयाचा हा प्रश्न टांगता राहिला, आणि त्याची झळ अमरावती व अकोला जिल्ह्यांतील प्रवाशांना बसली.

अर्थसाहाय्याची मुदत सरल्यावर अमरावतीची विमानसेवा टिकावी अशी मागणी करावयाची तर ती कोणाकडे, हे म्हणूनच आधी निश्चित झाले पाहिजे. ती टाटांकडे नेणे व्यर्थ आहे. तिचा पत्ता दिल्ली व मुंबई येथील शासनाचा आहे. विमानाच्या शेपटावरील चिन्ह हे सांगत नाही, भागधारकांची नोंदवही सांगते. विलीनीकरणाच्या अभ्यासाचा आरंभ तेथून व्हावयास हवा.